तीसपट झूम आणि पिंगळ्याचे ठिपके

साशंक : चांगला मोबाईल खिशात असताना दुसरा कॅमेरा बाळगायचाच कशाला? २०१०च्या सुमाराला जगात वर्षाला बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे तयार होत होते आणि त्यातले बहुतेक खिशात मावणारे, साधे होते. पुढच्या दहा वर्षांत मोबाईलने त्या छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार जवळजवळ संपवला. जे तगले त्यांतले बरेच झूमच्या आकड्यावर तगले. सोनीचा एचएक्स९९ तीसपट, कॅननचा एसएक्स७४० चाळीसपट; जरा मोठं धूड हातात धरायची तयारी असेल तर निकॉनचा पी९०० त्र्याऐंशीपट आणि २०१८ साली आलेला पी१००० सव्वाशेपट. माझी पहिली शंका या आकड्यावरच आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, डोळ्यांना दिसतं त्याच्या तीसपट मोठं दिसणार. तसं ते नाही. तुमच्या एचएक्स९९ची लेन्स २४ मिलिमीटरपासून ७२० मिलिमीटरपर्यंत जाते. तीस हे त्या दोन टोकांचं गुणोत्तर. सुरुवातच फार रुंद, म्हणून आकडा फुगतो. ५० मिलिमीटरची लेन्स साधारण डोळ्यासारखं दाखवते असं धरलं, तर ७२० म्हणजे चौदापट. चौदापट काही कमी नाही, पण ज्या वस्तूची ओळखच फुगलेल्या आकड्याने होते, तिच्या बाकीच्या गुणांकडेही मी सावधपणेच बघणार.

हौशी : चौदापट तर चौदापट. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर उभे राहा आणि पूर्वेकडे बघा. सुवेळा माची समोर पसरलेली असते. २४ मिलिमीटरला अख्खी माची, तिचा तट, दोन्ही बाजूंच्या दऱ्या आणि मागच्या डोंगरांच्या रांगा एकाच चौकटीत बसतात. जागेवरून पाऊलही न हलवता लेन्स पुढे घेत गेलात की आधी माचीवरच्या कातळातलं आरपार भोक, म्हणजे नेढं दिसतं आणि मग त्या नेढ्यात बसलेला माणूस दिसतो, त्याच्या पाठीवरची सॅक दिसते. मोबाईलवर हे होत नाही. बहुतेक महागड्या मोबाईलचीही खरी लेन्स साधारण १२० मिलिमीटरच्या आसपास थांबते. त्यापुढे चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणं चालतं. हेच काम मोठ्या कॅमेऱ्याने करायचं तर २००-६००ची लेन्स एकटीच दोन किलोंच्या वर भरते. गुंजवण्याहून चोर दरवाजाने वर यायचं, शेवटच्या टप्प्यात दोन्ही हातांनी रेलिंग धरायचं, तेव्हा ते ओझं पाठीवर नको असतं. माझा कॅमेरा पाव किलोचाही नाही. पावसाळ्यात माथ्यावर वारा भणाणत असतो, ढग अंगावरून जात असतात. अशा वेळी लेन्स बदलायला कॅमेरा उघडणं म्हणजे आत पाणी घेणं. मला काहीच उघडावं लागत नाही. एक गोष्ट मी आधीच देऊन टाकते : रुंद टोकाला, म्हणजे घर, जेवणाचं ताट, ग्रुपफोटो, संध्याकाळचं आकाश यांसाठी आजचा मोबाईल माझ्या कॅमेऱ्यापेक्षा सरस आहे. मी तिथे मोबाईलच काढते.

साशंक : म्हणजे रोजच्या वापरातला मोठा भाग तुम्ही आधीच सोडून दिलात. उरलं ते लांबचं टोक. तिथेच तर खरी अडचण आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहून लहान. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४चा, म्हणजे क्षेत्रफळात तीसपट मोठा. सेन्सर लहान म्हणूनच लेन्स लहान ठेवता येते, ही सगळी किमया तिथूनच येते आणि तिची किंमतही तिथेच मोजावी लागते. तुमच्या लेन्सची खरी लांबी ७२० नव्हे, १२३ मिलिमीटर. लांब टोकाला तिचं छिद्र एफ ६.४, म्हणजे व्यासाने जेमतेम १९ मिलिमीटर. २००-६००च्या लेन्सचं छिद्र त्या टोकाला ९५ मिलिमीटर. पाचपट व्यास, पंचवीसपट प्रकाश. ताम्हिणीच्या जंगलात जुलै महिन्यात, दुपारी दोनलाही झाडांखाली अंधारून आलेलं असताना, हा पंचवीसपटीचा फरक म्हणजे पक्ष्याची पिसं दिसणं आणि पक्ष्याच्या आकाराचा रंगीत चिखल दिसणं यातला फरक आहे. प्रकाश भरपूर असला तरी सुटका नाही. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. एफ ६.४ला एका बिंदूचा साधारण साडेआठ मायक्रॉनचा डाग होतो आणि तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनच्या आसपास. एकेका डागाखाली कितीतरी पिक्सेल झाकले जातात. अठरा मेगापिक्सेलमधले थोडेच मेगापिक्सेल लांब टोकाला खऱ्या कामाचे राहतात. शिवाय आतबाहेर होणारी लेन्सची नळी धूळ ओढते, आणि कोकणातल्या दमटपणात काचेला बुरशी धरली तर छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करणारा मिळणं मुश्कील.

हौशी : बुरशीचं खरं आहे, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा लागतो. बाकीचं गणितही मला मान्य आहे. फक्त तुम्ही भिंतीवर टांगायच्या चित्राच्या मापाने मोजताय. मी हा कॅमेरा चित्रासाठी वापरत नाही, ओळखीसाठी वापरते. डोंगराच्या कड्यावर शिकारी पक्षी घिरट्या घालतो तेव्हा खालून दिसते ती काळी आकृती. घार म्हणावी तर शेपटीला खाच नाही. सर्पगरुड असेल, ससाणा असेल, एखादा हिवाळी पाहुणा असेल. तो कड्यामागे गेला की संपलं. मी कोपर छातीला टेकवते, श्वास सोडते, आधी रुंद टोकावर पक्षी चौकटीच्या मधोमध घेते आणि मग झूम पुढे नेते. थेट ७२०ला शोधायला गेलात तर सापडत नाही, कारण तिथे आडवी नजर जेमतेम तीन अंशांची असते. जरा हात हलला की नुसतं निळं आकाश. मग सलग आठ-दहा फ्रेम काढते. घरी येऊन बघते. नऊ वाया जातात. दहावीत पंखाच्या मागच्या कडेने गेलेला पांढरा जाड पट्टा दिसतो आणि सर्पगरुड ठरतो. त्या फोटोला कोणी बक्षीस देणार नाही. पक्षी बघणारे त्याला रेकॉर्ड शॉट म्हणतात आणि त्याची किंमत त्यांना ठाऊक असते. खाडीच्या चिखलावर धावणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांचं बघा. बीएनएचएससारख्या निसर्ग-अभ्यासाच्या संस्था स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी किंवा रंगीत पट्टी घालतात, तिच्यावर अक्षरं असतात. बांधावर बसून ती अक्षरं फोटोत वाचता आली तर तो पक्षी कुठे पकडला होता, केव्हा, हे कळू शकतं. दुर्बिणीत पट्टी दिसते. पक्षी पाच सेकंद स्थिर राहिला नाही तर अक्षरं वाचता येत नाहीत. त्या अक्षरांना मऊ पार्श्वभूमी लागत नाही, कलात्मक प्रकाश लागत नाही.

आणि मोबाईलची गोष्ट निघालीच आहे तर हेही बोलू. मार्च २०२३मध्ये एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या मोबाईलने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेली विवरं मोबाईलच्या फोटोत उमटली. कंपनीनेही सांगितलं की चंद्र ओळखून त्याचा तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेने वाढवला जातो. चंद्राच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, तो सगळ्यांना एकच दिसतो. पण उद्या अर्धवट दिसलेल्या वटवट्याला यंत्राने स्वतःच्या मनाने भुवई काढून दिली तर? माझा कॅमेरा वाईट दाखवतो, पण जे दिसलं नाही ते घालत नाही.

साशंक : घालत नाही, पण काढून टाकतो. अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना, वाढवला की चित्रावर दाणे येतात. ते दाणे पुसायला कॅमेऱ्यातला प्रोसेसर शेजारशेजारचे पिक्सेल एकसारखे करतो. पिसांवरची बारीक नक्षी आणि दाणे यांत फरक करायची त्याची ताकद मर्यादित आहे. दोन्ही पुसली जातात. तुम्ही जिथे ओळखीचं म्हणताय तिथेच याने घात होतो, आणि त्यासाठी मी महाराष्ट्रातलाच पक्षी देतो. रानपिंगळा. गावातल्या पिंपळावर, पडक्या वाड्यात दिसतो तो साधा पिंगळा; त्याच्या डोक्यावर पांढरे बारीक ठिपके असतात. सातपुड्यातला, मेळघाटातला रानपिंगळा फार दुर्मिळ. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. डोकं सपाट तपकिरी. आता संध्याकाळी, सागाच्या झाडीत, पन्नास मीटरवरून, आयएसओ १६००ला तुमच्या कॅमेऱ्याने साध्या पिंगळ्याचा फोटो काढा. आधी कोणते तपशील जातील? तेच ठिपके. तुमच्या हातात सपाट तपकिरी डोक्याचा पिंगळा उरतो आणि तुम्हाला वाटतं रानपिंगळा सापडला. मोबाईल विवरं काढतो हे उघड खोटं आहे, पकडता येतं. तुमच्या कॅमेऱ्याने ठिपके पुसले, हे कोणाच्या लक्षात येणार?

हौशी : हा आक्षेप खरा आहे. मी एवढंच म्हणेन की कोणताही पक्षी एका खुणेवर ठरवू नये. रानपिंगळ्याची छाती गडद तपकिरी आणि बरीचशी एकरंगी, पोटाचा मधला भाग पांढरा, कुशीवर जाड आडव्या रेषा, शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे, पायांवर बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं. ठिपके पुसणारा प्रोसेसर शेपटीचे रुंद पट्टे पुसू शकत नाही, आणि साध्या पिंगळ्याच्या छातीला नवा रंगही देऊ शकत नाही. शिवाय रॉ फाईल ठेवता येते. त्यात दाणे असतात, पण पुसापुशी नसते. पण रानपिंगळ्याचं नाव तुम्हीच काढलंत, तर त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी, कारण पुराव्यासाठी त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. १८८४नंतर त्याचा खात्रीचा नमुना मिळाला नाही. त्या काळी पुरावा म्हणजे गोळी घालून मारलेल्या पक्ष्याचं भुसा भरलेलं कातडं. असं एक कातडं कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात होतं आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : १९१४, मांडवी, गुजरात. कर्नलसाहेब नावाजलेले पक्षीतज्ज्ञ, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही, आणि पक्षी शोधायला निघालेले लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलतीकडे फिरले. पुढे पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली कातडी तपासली तेव्हा उघड झालं की ते कातडं चोरलेलं होतं. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी कैक वर्षं आधी जमवलेला नमुना, नव्याने भरून खोट्या चिठ्ठीसह मांडलेला. ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात त्यांना दिवसाउजेडी रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी तो मारला नाही, कॅमेऱ्याने टिपला. पुराव्यासाठी जीव घ्यावा लागत नाही, ही सोय आज माझ्यासारख्या सामान्य माणसाच्या खिशात आलेली आहे. माझ्या फोटोतले ठिपके पुसले गेले असतील, तर तो फोटो दहा जाणकार बघतील आणि मला सांगतील, बाई, हे पुरेसं नाही. वहीत मी नुसतं ‘रानपिंगळा पाहिला’ असं लिहिलं असतं तर त्यावर वाद तरी कसा घालणार?

साशंक : ती गोष्ट माझ्याही बाजूने बोलते, ते पुढे कधीतरी येईल. आधी अंतराचं बोलू, कारण झूमचं खरं आश्वासन तेच आहे : पक्ष्याला न छेडता लांबून बघा. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, हिवाळ्यात रोहित येतात. नावेतले लोक आता काही साध्या कॅमेऱ्यांचे नसतात, एकाहून एक लांब लेन्सा असतात. मग नाव लांबच थांबायला हवी होती. थांबते का? नावाडी पुढे घेतो, आणखी पुढे घेतो, आणि थवा उडाल्यावरच समाधान होतं, कारण पंखांखालचा गुलाबी रंग उडतानाच दिसतो. याला नुसती माणसाची हाव म्हणून सोडता येत नाही. हवाच तसं करायला लावते. ऊन तापायला लागलं की पाण्यावरची हवा लहरते. तीनशे मीटरवरचा रोहित त्या लहरींतून बघायचा तर झूम कितीही वाढवा, तुम्ही लहरीच मोठ्या करून बघता. त्र्याऐंशीपट असो, सव्वाशेपट असो, मधली हवा तीच. त्यावर इलाज एकच, मधली हवा कमी करणं, म्हणजे जवळ जाणं. झूम लांबच्याची चव लावतो आणि ती चव भागवायला शेवटी पायच पुढे टाकावे लागतात. ज्यांच्याकडे झूम नव्हता ते काठावरून बघून परत फिरत होते. लांबच्या लेन्सने अंतर राखलं जातं, हा दावा मला तरी काठावर उभं राहून खरा झालेला दिसलेला नाही.

हौशी : कास पठारावर या माझ्याबरोबर. तिथे खरा झालेला दाखवते. सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी फुललेली असते, पाणथळ कातळावर सीतेची आसवं नावाची इवलीशी निळी-जांभळी फुलं असतात. मोबाईल घेतलेल्या माणसाला ते फूल चौकटभर हवं असेल तर त्याला गुडघे टेकावे लागतात, आणि गुडघे टेकायला जागा लागते, ती जागा म्हणजे दुसरी फुलं. मी वाटेवर उभी राहून दोन-अडीच मीटरवरून लांब टोकाने त्याच फुलांचा लहानसा झुबका चौकटभर घेते. मधमाशी बसली असेल तर तीही उडत नाही. इथे तुमची लहरती हवा आड येत नाही, प्रकाश उघड्यावरचा असतो, पक्ष्यासारखं काही हलत नाही. छोट्या सेन्सरचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे : फूल आणि देठ दोन्ही स्पष्ट येतात. काळ्या कड्यावरच्या गिधाडांचंही तसंच. कातळावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की त्या कपारीत घरटं असणार हे कळतं. दरीच्या अलीकडच्या अंगाला बसून मला घरट्यात पिल्लू आहे का, एवढं दिसतं. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडं जवळपास संपली, २००६ साली जनावरांच्या औषधातून ते बंद झालं, आता उरलेल्या प्रत्येक घरट्याला मोल आहे. त्या कड्यावर दोर लावून कोणी उतरू नये, हे तरी या कॅमेऱ्याने साधतं.

भिगवणचं मात्र मी झटकून टाकणार नाही. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : फोटो वाईट आला तर वाईटच राहू द्यायचा. लहरी दिसल्या तर लहरींसकट ठेवायचा. नावाड्याला ‘अजून थोडं पुढे’ म्हणायचं नाही. हा नियम कॅमेऱ्याने शिकवलेला नाही, हे खरं. पण दोन किलोची लेन्स घेऊन, लाख-दोन लाख घालून जो माणूस नावेत बसतो, त्याला वाईट फोटो घेऊन घरी जाणं जड जातं. मला जात नाही.

साशंक : ही तुमची सगळ्यात चांगली ओळ आहे आणि ती कॅमेऱ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. दुसऱ्या कोणाच्या हातात तोच कॅमेरा दिला की नियम गेला. म्हणून मला त्या नेढ्यातल्या माणसाकडे परत यायचंय. तुम्ही किती सहज म्हणालात, त्याच्या पाठीवरची सॅक दिसते. त्याला ठाऊक होतं का तुम्ही बघताय ते? तो वाऱ्यात एकटा बसला होता. कदाचित रडत असेल. मोबाईलने फोटो काढायचा तर माणसाच्या समोर जावं लागतं. तो बघतो, हसतो किंवा हात आडवा धरतो. नाही म्हणायला त्याला जागा असते. तुमच्या लेन्सने ती जागा काढून घेतली. आणि नेढं सोडा, पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात या, एकादशीच्या पहाटे. बायका अंघोळी करत असतात, ओली लुगडी पिळत असतात. पुलावर, घाटावर लांब लेन्सा लावून माणसं उभी असतात आणि त्या फोटोंना श्रद्धेची छायाचित्रं म्हणतात. २०१३च्या कायदा-दुरुस्तीने चोरून पाहणं आणि टिपणं हा गुन्हा ठरला. पण कायद्याच्या कक्षेत येणार नाही असं कितीतरी उरतं : उन्हाने बेजार होऊन फतकल मारून बसलेली म्हातारी, तोंड उघडं टाकून झोपलेला वारकरी. मोठी लेन्स निदान दिसते, लोक सावध होतात. तुमचा कॅमेरा मुठीएवढा. तो धोका जास्त मोठा आहे.

हौशी : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी काय करते ते सांगते. दिवे घाटात पालखी वर चढत असते तेव्हा समोरच्या डोंगरावरून मी ३०० मिलिमीटरच्या आसपास थांबते. वळणं एकमेकांवर येतात, पताका आणि तुळशी घेतलेल्या बायका असा एक लांब सळसळता प्रवाह दिसतो, चेहरा कोणाचाच ओळखू येत नाही. ७२०ला गेले की एकेक चेहरा सुटा होतो, आणि तिथे मला हात आखडावासा वाटतो. पण हे सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणू शकत नाही. वारीतल्या माणसांचे जे फोटो आपल्याला माणूस म्हणून हलवतात त्यांत चेहरे आहेत. काही न विचारता काढलेले आहेत आणि विचारून काढले असते तर ते तसे आलेच नसते. लांबून काढलेला प्रत्येक चेहरा चोरीचा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि तो माझ्या हक्काचा, असंही म्हणवत नाही. पक्ष्याच्या बाबतीत अंतर म्हणजे त्याचा आदर, हे मला स्पष्ट कळतं. माणसाच्या बाबतीत बऱ्याचदा जवळ जाऊन विचारण्यातच आदर असतो. एकाच यंत्राला मी दोन उलट नियमांनी वापरावं, इतपतच मी पोचले आहे.

साशंक : ठीक. मग आता हातातल्या पैशांचा प्रश्न. समजा शाळेतल्या एका मुलीला पक्षी बघायची गोडी लागलीय आणि तुम्हाला तिला एकच वस्तू द्यायचीय. मी दुर्बीण देईन. आठ बाय बेचाळीसची चांगली दुर्बीण या कॅमेऱ्याच्या निम्म्याहून कमी पैशांत येते. बेचाळीस मिलिमीटरच्या काचेतून दोन्ही डोळ्यांनी, पडदा मध्ये न घेता, ती पक्षी बघेल. शेपटी कशी हलवतो, फांदीवर कसा सरकतो, कोणत्या वेळी ओरडतो हे तिला कळेल. कॅमेरा हातात आला की पक्षी दिसल्यावर पहिलं बोट शटरकडे जातं. घरी गेल्यावर बघू, असं होतं. तुम्हीच म्हणालात, घरी येऊन बघते. जंगलात मग काय बघता? वही आणि पेन्सिल दिली तर ती ठिपके आहेत की नाहीत हे तिथेच बघेल, कारण काढायचे असतील तर बघावेच लागतात.

हौशी : मुलगी कुठली, यावर माझं उत्तर ठरेल. पुण्या-मुंबईची असेल तर दुर्बीणच द्या. रविवारी तिला फिरायला नेणारे, बोट दाखवून सांगणारे लोक तिथे आहेत. पण ती तळोद्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरची असेल, आश्रमशाळेत शिकणारी, तर मी कॅमेरा देईन. तिने दुर्बिणीतून रानपिंगळा पाहिला, वहीत अगदी बरोबर काढला, ठिपक्यांसकट, की ठिपक्यांवाचून म्हणा. कोण विश्वास ठेवणार तिच्यावर? कर्नलच्या खोट्या चिठ्ठीवर कित्येक वर्षं जगाने विश्वास ठेवला, कारण तो कर्नल होता. या मुलीला तर तिच्या शाळेतलेही विचारतील, तुला काय कळतंय. वाईट का होईना, दाणेदार का होईना, एक फोटो तिच्याकडे असला तर तो तिच्या नावाआधी बोलेल. सुंदर चित्रं काढायला तिला हा कॅमेरा नको आहे. तिचं बघणं गणलं जावं म्हणून हवा आहे. तुमच्या पंचवीसपट प्रकाशाचा हिशेब करणाऱ्या माणसाला याची गरज कधी भासली नसेल, कारण तुम्ही सांगितलेलं लोक ऐकून घेतात.

साशंक : हे लागलं, आणि ते खरं आहे. पण फोटोचं पुढे काय होतं तेही बघा. वहीतली नोंद कोणाला बोलावत नाही, फोटो बोलावतो. रानपिंगळा अमक्या पाड्याजवळ, असं एकदा फिरलं की आठवड्याभरात गाड्या येतात. आवाज लावून पक्ष्याला बाहेर काढणारे येतात, समोरची फांदी आड येते म्हणून तोडणारे येतात. भिगवणची नाव त्या मुलीच्या पाड्यावर येऊन पोचते. आणि त्या मुलीने तुमच्यासारखा नियम केलेला नाही, शिवाय आलेल्या माणसांना नाही म्हणायची तिची प्राज्ञा नाही.

हौशी : मग फोटो द्यायचा, जागा द्यायची नाही. संवेदनशील पक्ष्यांच्या जागा झाकून ठेवायची पद्धत आता रूढ होतेय. ‘सातपुडा’ एवढंच लिहायचं.

साशंक : जागेवाचून पुरावा कसला? ती गोष्ट माझ्याही बाजूने बोलते म्हणालो होतो, ते हे. माइनर्ट्झहागेनच्या नमुन्यात पक्षी खराच होता. कातडं अस्सल रानपिंगळ्याचं होतं, पिसापिसाने. खोटी होती ती चिठ्ठी, जागा आणि तारीख. नुसता पक्षी दाखवून भागलं असतं तर मांडवीची नोंदही आजपर्यंत खरीच धरली गेली असती.

हौशी : हे मला सुचलं नव्हतं. मग जागा सांगायचीच, पण एकदोघांना. वनखात्यातलं कोणी, अभ्यास करणारं कोणी. कोणाला सांगायची ते त्या मुलीने ठरवायचं.

साशंक : आणि ते एकदोघं कोण, हे तिला तिथे बसून कसं कळणार? ते सांगायला तिच्याजवळ कोणीतरी असावं लागेल. तसं कोणी असतं, तर तिच्यासाठी कॅमेराच हवा, असं तुम्ही म्हणाला असतात का?